उष्ट्याचा आजार

भुईगाव, वसई

तीर्थस्वरूप मधूदादांना,

सुधाकरचा नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी बंदी केली आहे, त्यामुळे हा नमस्कार बसूनच केलेला समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? बोर्डीच्या चिकूंना यंदा तरी भाव मिळो. फोन करणार होतो, पण तुमच्याकडे फोन विनया उचलते आणि माझा आवाज ऐकला की खाली ठेवते. म्हणून हे पत्र. तुमची बहीण माझ्याविषयी तुम्हाला काय म्हणाली ते मला ठाऊक नाही, तेव्हा माझीही बाजू ऐकावी.

गणपतीत मला ताप भरला. गळ्याला दोन्ही बाजूंनी सुपाऱ्यांएवढ्या गाठी आल्या आणि थुंकी गिळायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. दवाखाना डॉक्टर व्हिव्हियनचा. (आपल्या शेजारच्या बॅप्टिस्टचा पुतण्या. कालपर्यंत माझ्याच बागेतल्या चिंचा पाडत होता, आता मला जीभ बाहेर काढायला लावतो.) त्याने दोनदा रक्त तपासलं आणि म्हणाला, काका, तुम्हाला मोनो झालाय. हा कॉलेजातल्या पोरांचा आजार, तुमच्या वयाला फारसा होत नाही. उष्ट्यातून पसरतो. कुणाचा तरी उष्टा पेला तोंडाला लावला असेल. इथवर ठीक होतं. पण पुढे तो हसून म्हणाला, इंग्रजीत याला किसिंग डिसीज म्हणतात.

शेजारी विनया बसलेली. पडद्यापलीकडे अर्धं भुईगाव नंबर लावून. घसा इतका बसलेला असताना त्या एका वाक्याला मला आवाज कुठून आला देव जाणे. मी ओरडलो, "अहो डॉक्टर, भलतंच काय! वीस वर्षांत मी घरच्या बाईचंसुद्धा घेतलेलं नाही!"

पडद्यापलीकडे खोकल्याचा आव आणून माणसं हसली. दादा, मी माझ्या चारित्र्याची ग्वाही देत होतो. त्यात रागावण्यासारखं काय होतं? रिक्षात विनया बाहेर बघत बसली. घर आल्यावर एवढंच म्हणाली, "मोजत होतात वाटतं."

ताप उतरेपर्यंत थांबली. मिठाच्या कोमट पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायची आणि शब्द न बोलता निघून जायची. अंग निवलं त्या सकाळी बॅग भरून तुमच्याकडे आली. तेव्हापासून मी इथे एकटा. आता दिवाळी तोंडावर आली.

माझं ऐकाल तर आजारपण एकट्याने काढू नये. माझी प्लीहा सुजली आहे. (मला प्लीहा आहे हेच मला ठाऊक नव्हतं.) ती फुटू नये म्हणून वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, जोराने शिंकायचीही मला भीती वाटते. बागेत केळीचे घड झाडावरच पिकलेत आणि पाखरं मजेत खातायत, मी ओट्यावरून बघतो. मऊभात करायला गेलो, तो तळाला लागला आणि वर कच्चा राहिला. घशाचं दुखणं थांबेना म्हणून बॅप्टिस्टच्या घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाल्ल्या, तर अंगभर लाल पुरळ उठलं. शेजारच्या यमुनाकाकू बघायला आल्या आणि देवी आल्या म्हणून दाराला कडुनिंब बांधून गेल्या. व्हिव्हियन मला रागावला, की या आजारात त्या गोळ्यांनी असंच होतं, विश्रांती हेच औषध. विश्रांती घेतोच आहे. दिवसभर झोपतो आणि उठलो की थकलेला असतो. बोलायला कुणी नाही.

असो. विनया तिथे सुखात असेल तर मला काही म्हणायचं नाही. राहू दे हवी तेवढी.

आपला,
सुधाकर

ता. क. हे पत्र विनयाला दाखवू नये.

ता. क. पुन्हा. दाखवलं तरी चालेल. खरं म्हणजे दाखवाच. आणि तिला पाठवा हो. घर खायला उठतंय.

ता. क. शेवटचं. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात वहिनींचा फोन आला. विनयाला ताप आहे, गळ्याला गाठी आल्यात, रक्तात तोच आजार निघाला. व्हिव्हियनला विचारलं. म्हणाला, लागण झाल्यावर महिना-दीड महिन्याने वर येतो. म्हणजे माझ्याकडूनच. वहिनींकडून हेही कळलं, की माझ्या घशाखाली उतरत नव्हता तो भात ती आत नेऊन माझ्याच ताटात संपवत होती, आणि मी समजत होतो की ती माझं तोंडही बघत नाही. दादा, मला फार वाईट वाटलं. आणि आज कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो. वहिनींना फोनवर सांगितलंच आहे, तरी पुन्हा लिहितो: तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्या, वजन उचलू देऊ नका, कुणाच्या घरच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. पत्र पोस्टात टाकत नाही, घेऊनच निघालोय. तिच्या उष्ट्याला घरात कुणी हात लावायचा नाही. मला चालतं.