सिनेटर अरियागांचा परिचय

प्रिय जागृती,

गेल्या मंगळवारी सकाळी मी वंदनेला बसलो आणि पंचशीलातल्या चौथ्या शीलापाशी अडलो. खोटं बोलणार नाही, एवढंच म्हणायचं असतं. रोज म्हणतो. त्या दिवशी ते न म्हणताच उठलो. सुजाताला, म्हणजे तुझ्या आईला, वाटलं गुडघा दुखतोय. मीही हो म्हटलं.

आदल्या संध्याकाळी तू मला सिनेटर फाउस्तो अरियागांचा परिचय तपासायला पाठवला होतास. येत्या शुक्रवारी तुमच्या विद्यापीठात ते येणार आणि स्टेजवर तू त्यांची ओळख करून देणार. पदांची यादी तू अचूक लिहिली आहेस. आधी नगराध्यक्ष, मग राज्याचे आमदार, मग राज्याचे पाणीमंत्री, आता देशाचे सिनेटर. खाली तू लिहिलंस की नगराध्यक्ष असताना त्यांनी कारखान्याजवळच्या कामगार वस्तीला पाणी दिलं आणि त्या योजनेचे इंजिनिअर तुझे बाबा होते. बाबा होते हे खरं आहे. पाणी दिलं हे खोटं आहे.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा कंपनीने मला अरियागांच्या देशात, त्यांच्याच गावच्या कारखान्यावर दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. वस्तीची पाइपलाइन कंपनीने टाकली, पंप नगरपालिकेने बसवायचा होता. उद्घाटनाचा दिवस आला, पंप आला नाही. अरियागांनी आदल्या दिवशी टँकरने लाइन भरून घेतली. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर माझी सही हवी होती. ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, इंजिनिअर, पंप महिन्याभरात येईल, निवडणूक मात्र थांबत नाही. मी सही केली. नळ चाळीस मिनिटं वाहिला. तेवढ्यात फोटो झाले. त्यातला एक आपल्या हॉलमध्ये आहे, आणि त्यावरच तू कॉलेजच्या अर्जाचा निबंध लिहिलास. तू तो मला मोठ्याने वाचून दाखवलास तेव्हा मी चहा करायला आत निघून गेलो.

मी गप्प बसलो नाही, असं स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. ते आमदार झाले तेव्हा त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, हे काम नगरपालिकेचं. पाणीमंत्री झाले तेव्हा वाटलं, आता पंपाची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे. उत्तर आलं, तुमच्या दिल्लीसारखंच इकडेही असतं बघ, राजधानीतून मंजुरी येत नाही. सिनेटर झाले, राजधानीतच बसले. उत्तर आलं, हा विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे. सगळी पत्रं नम्र, हिरव्या शाईत सही, वर ‘प्रिय मित्र’. माणूस पायऱ्या चढत गेला आणि प्रत्येक पायरीवरून मला दुसरी पायरी दाखवत गेला. पण एका पत्रातही मी माझ्या सहीबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता. पंप मागत होतो, गुन्हा लपवत होतो.

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्याच वस्तीतल्या ओफेलिया काकू स्वयंपाक करायच्या. मला तिखट चालतं म्हटल्यावर त्यांनी मला घरचाच मानलं. दर नाताळात मी त्यांना फोन करतो. सत्तरी उलटली आहे, अजून टँकरमागे बादल्या घेऊन उभ्या राहतात. यंदा त्या म्हणाल्या, इंजिनिअर, तुझा नळ फोटोत फार छान वाहतो, त्यालाच बादली लावू का. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

पाण्याबद्दल आपल्या घरात कुणी हलकं बोलत नाही. का, ते तुला आजोबांनी सांगितलं आहे. गावच्या शाळेत मला वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आणि तोच मी, कोरड्या नळाखाली सही करून आलो.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू ‘इट्स ओके, बाबा’ म्हणून मला लगेच सोडून दिलं असतंस. म्हणून मराठीत लिहितो आहे. तू हळू वाचतेस, ते बरं आहे. अरियागांचं नाव आता केंद्रीय मंत्रिपदासाठी घेतलं जातंय, आणि जुन्या पाणीयोजनांची तिकडे चौकशी सुरू आहे. तुझ्या परिचयातली ती ओळ मी पेनाने खोडू शकलो असतो. पण मग तू का म्हणून विचारलं असतंस आणि मी पुन्हा काहीतरी सांगितलं असतं. काल दुपारी सुट्टी टाकून आपल्या ट्रॉय शहरातल्या बँकेत नोटरीसमोर बसलो. दाखला खोटा होता, सही माझी होती, कुणाच्या सांगण्यावरून केली, सगळं दोन पानांत लिहून दिलं. एक प्रत चौकशी अधिकाऱ्यांना ईमेलने पाठवली, एक माझ्या बॉसला. नोकरीचं काय होईल माहीत नाही, आईला सांगितलं आहे. शुक्रवारी स्टेजवर काय वाचायचं, वाचायचं की नाही, ते तू ठरव. मात्र ठरवण्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. अधिकाऱ्यांकडून कागद मिळाल्याची पोच आज सकाळी आली.

तुझाच,
बाबा