कडेच्या खुर्च्या

दिनांक ९ नोव्हेंबर

चि. वटवट हीस,

अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे. आजीचा गुडघा हवामानाप्रमाणे कुरकुरतो. माझी प्रकृती उत्तम आहे. माझ्या वाढलेल्या दाढीची तक्रार आजीने तुझ्याकडे केलीच असेल. मी तिला सर्दीचे कारण सांगितले होते. ते खरे नव्हते.

केशकर्तनालयाचे मालक व मी यांच्यातील वाद तुला ठाऊक आहे. ताऱ्यांविषयीचे तुझे म्हणणे मी तेथे माझ्या धंद्याच्या भाषेत मांडत असे. जन्मभर मी जत्रेत साखळीच्या खुर्च्यांचा फिरता पाळणा चालवला. दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहाच्या, कडेचे तारे एवढ्या वेगाने फिरतात, की साखळी तुटलेल्या खुर्चीप्रमाणे ते बाहेर भिरकावले जावेत. दिसणाऱ्या पदार्थाची ओढ त्यांना पुरत नाही. तरी ते जागच्या जागी!

मालक म्हणत, "आजोबा, न दिसणारं कृष्णद्रव्य धरून ठेवतं त्यांना."

मी म्हणे, "अदृश्य काही नाही. फार दूरवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो. माझी नात सिद्ध करील."

वर्तमानपत्रातील तुझे छायाचित्र त्यांच्या आरशाशेजारी लागले, ते माझ्याच आग्रहावरून.

नंतर तू फोनवर सांगितलेस, की एकमेकांपासून फार दूर राहून फिरणाऱ्या जोडताऱ्यांची तुझी मोजणी जुन्या नियमाशीच जुळते, म्हणजे नियम बदलत नाही, आणि परिषदेपर्यंत हे कोणास सांगू नये. मी शब्द पाळला. तोंड बंद ठेवून दाढी करवून घेणे मला जमत नाही. सबब तिकडे फिरकलोच नाही.

आणखी एक. तू गप्प राहशील, अशी भीती मला वाटली होती. इतक्या वर्षांचे काम आपल्याच हाताने कोण मोडतो? हे मी आजीलाही बोललो नाही.

काल आजीने मोबाईलवर तुझे भाषण लावले. "माझं मत खोडणारी मोजणी माझीच आहे," असे तू भर सभेत म्हणालीस. मी इस्त्रीचा सदरा चढवला आणि थेट जाऊन खुर्चीत बसलो.

"या आजोबा! नातीनं पलटी मारली म्हणे? काढू का फोटो?"

"फोटो राहू द्या. आपण न मोजता बरोबर ठरलात, ती मोजून चुकली. आणि वाद अजून मिटलेला नाही, हेही तिनेच सांगितले आहे."

"हरूनसुद्धा मान ताठच!"

"हलवू नका, असे आपणच सांगता."

मालक हसले. वस्तरा ठेवून त्यांनी तुझ्या छायाचित्रावरील साबणाचा शिंतोडा फडक्याने पुसला. मी पाहिले नाही, असे दाखवले.

कृष्णद्रव्य मला पूर्वी कळत नव्हते, आताही कळत नाही. पुन्हा मत बदललेस तर आधी कळव. दाढी त्या बेताने करीन.

तुझ्या पक्षाचा,
आजोबा