गाभारा नव्या कॉम्प्युटरात बसेना

सांगली, १९ एप्रिल १९९९

तीर्थस्वरूप अण्णांना,

चारूचा वाकून नमस्कार. (सध्या कंबर धरली आहे, त्यामुळे वाकले ते मनातल्या मनात. न केलेलं लिहायला नको, म्हणून खुलासा.) तुमचा गुडघा आणि वहिनींची दाढ आता कशी आहे? साताऱ्यात उकाडा कमी असेल. इकडे बाकी सगळं ठीक, फक्त गाभारा गेला.

घाबरू नका, देवघर शाबूत आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे येऊन पाच अभंग रेकॉर्ड केलेत आणि ऐकल्यावर "चारू, हा मीच का गं?" असं पुन्हा पुन्हा विचारलंत, तो सगळा गाभाऱ्याचा प्रताप. आवाजाला घुमारा आणणारा तो एक छोटा प्रोग्राम. त्याला प्लगिन म्हणतात (गाभारा हे आमचं घरातलं नाव). मिक्सरला चटणीचं भांडं बसवतात, तसा तो रेकॉर्डिंगच्या मोठ्या सॉफ्टवेअरला बसवायचा. पाडव्याला मी नवा कॉम्प्युटर आणि नवं सॉफ्टवेअर घेतलं, आणि जुनं भांडं नव्या मिक्सरवर बसेना. तुमच्या साठीशांतीला वाटायच्या कॅसेटी याच अभंगांच्या काढायच्या आहेत, आणि समारंभ तर पुढच्या महिन्यात.

उंब्रजचे ऋषिराज कॉम्प्युटर दुरुस्त करतात, त्यांना बोलावलं. ते आधी सैन्यात वायरलेसवर होते, त्यामुळे बिघाडाला शत्रूसारखं दटावतात. त्यांनी गाभारा या फोल्डरातून त्या फोल्डरात नेला, पुसला, पुन्हा बसवला. "आवं ताई, ह्याला त्यो दिसतोय, पर वळखच देत न्हाई," म्हणाले. (वाईच्या आत्यांसारखं, असं माझ्या मनात आलं. ते मनात आलं याचीही डायरीत नोंद केली आहे.) शेवटी पडद्यावर इंग्रजी पाटी उमटली आणि उलगडा झाला. गाभारा हा महिनाभरासाठीचा फुकट नमुना होता! जुन्या कॉम्प्युटरातला घड्याळाचा सेल मेलेला, त्यामुळे तो बिचारा रोज १९८० साल समजून उठायचा आणि महिना काही भरायचाच नाही. नव्याला मात्र तारीख कळते, त्याच्या हिशेबी महिना केव्हाच उलटला. ऋषिराज म्हणाले, "मग तारीख मागं न्या की. लय सोपं हाय." मी म्हटलं, ही चोरी झाली. "मग दोन वरसं काय करत हुता, ताई?" मी चहा टाकला.

आता मूळ गोष्ट. (इथवर येऊन मी दोन पत्रं फाडली आहेत.) या खटपटीत तुमचे अभंग मी पहिल्यांदाच गाभाऱ्याशिवाय, उघडे ऐकले. तुमचा भाव निर्विवाद आहे. सुराबद्दल एवढंच म्हणेन की तो तुमच्या शेजारूनच चालला होता, पण तुम्ही दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. मात्र तुमच्यामागे आणखी एक आवाज आहे. तेव्हा वहिनी माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या आणि मधलं दार लावायला मी विसरले होते. तुम्ही जिथे घसरता तिथे त्या लाटणं थांबवून बरोबर सुरावर उभ्या असतात. तिसऱ्या अभंगात एक ओळ तुम्ही विसरलात, ती तर त्यांनीच पुरी केली. गाभाऱ्यात हे सगळं बुडालं होतं. ऋषिराज हातातला पेचकस तसाच धरून उभे राहिले. "ह्या कोन म्हनायच्या?" मी सांगितलं, आमच्या वहिनी. "मग ह्यास्नी भाईर का बसिवलं?" पुन्हा चहा टाकला.

अण्णा, लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळावर वहिनींचं 'अबोली' हे नवं नाव लिहिलंत, तेव्हा मी दहा वर्षांची होते. किती छान नाव म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर वहिनींना गाताना ऐकल्याचं काही केल्या आठवेना. तुम्हाला आठवतं का?

तुमची धाकटी बहीण,
चारुशीला

ता. क. विनंती राहिलीच. अभंग पुन्हा रेकॉर्ड करू या. या खेपेला वहिनी माईकसमोर बसतील आणि पोळ्या तुम्ही लाटा. मागून गुणगुणावंसं वाटलं तर खुशाल गुणगुणा, मधलं दार मी आठवणीने लावीन.

दुसरा ता. क. 'बसेना' हे पूर्ण खरं नाही. परवा दहा मिनिटं मी तारीख मागे नेली होती. गाभारा सुरू झाला, तुम्ही पुन्हा पहिल्यासारखे दणदणीत झालात, आणि वहिनी दिसेनाशा झाल्या. मी तारीख पुढे आणली.

तिसरा ता. क. पाकिटावर वहिनींचं नाव आहे म्हणून रागावू नका. टपाल दुपारी येतं, तेव्हा तुम्ही झोपलेले असता. सोबत उघड्या अभंगांची कॅसेट आहे, तीही त्यांच्याच नावे. पत्र तुमच्या हातात आलं असेल, तर त्यांनी गायचं ठरवलं असं समजा. (वहिनी, गायचं नसेल तर पत्र चुलीत घाला आणि मला एक पोस्टकार्ड टाका. चोरी तर चोरी, मी तारीख मागे नेईन.)