डोहावर रोवलेलं पान

९ फेब्रुवारी, शुक्रवार
आमच्या टोळीतल्या तासोने परत हात मारला. डोहातली मोठी वाम आज त्याच्या कढईत! वास सगळ्या बराकीत. आणि मला? एक तुकडा नाही. म्हणे, "कालमेत, तू तर कालच खाल्लीस ना." काल खाल्ली म्हणून आज भूक लागत नाही का?
बराकीमागच्या ओढ्यातला तो डोह मीच पहिल्यांदा शोधला होता. आता सगळी टोळी सफरचंदं तोडून झाली की गळ घेऊन तिकडेच. वाम संपत आली आहे.

११ फेब्रुवारी, रविवार
मालकिणीच्या अंगणात नामेलेचं झाड सापडलं. इथे न्यूझीलंडात, शोभेला! खाली प्लास्टिकचं बदक ठेवलंय. आमच्या वानुआतू बेटांवर मुखियाने नामेलेचं पान रोवलं की ती जागा बंद. कोणी विचारत नाही, कोणी हात लावत नाही.
प्रार्थनेनंतर दोन पानं कापली आणि डोहाच्या काठावर फुली करून रोवली. झाडीत बसून राहिलो. तासो आला, पान बघितलं, गळ गुंडाळला, आल्या पावली परत. मागून बाकीचे आले, तेही परत. तोंडात टोपी कोंबून हसलो.
आता डोह माझा एकट्याचा.

१३ फेब्रुवारी
गळ घेऊन गेलो. हात पुढे होईना.
माझंच पान. बदकाशेजारून चोरलेलं. तरी होईना! परत आलो. डब्यातला मासा खाल्ला.

१८ फेब्रुवारी, रविवार
तासोने गावी फोन करून विचारलं, डोह कोणी बंद केला. आणि गावचा मुखिया माझा सख्खा काका. त्याचा लगेच मला फोन.
"तुला मुखिया कोणी केलं? मी मेलो का?"
"काका, गंमत होती. उपटून टाकतो."
"आत्ता एक डुक्कर दंड आहे. उपटलंस तर दोन."
मग नियम सांगत बसला. ज्या जनावरासाठी जागा बंद केली, त्याची संख्या सावरल्याशिवाय पान निघत नाही. रोवलं त्यानेच काढायचं, त्या जमिनीच्या माणसांसमोर. आणि रोवणारा जागा सोडून गेला की पान मेलं, त्याची लाज सगळ्या घराला.
म्हटलं, "मे महिन्यात माझं लग्न आहे, काका."
"मग वामीला सांग, जरा आटप."

१९ फेब्रुवारी
काकाने आईचं ठिपक्यांचं डुक्कर नेलं. आई फोनवर माझ्याबद्दल काही बोलली नाही. डुकराबद्दल बोलली.

२४ फेब्रुवारी, शनिवार
जमिनीची माणसं कोण? मालकाला विचारलं. तो म्हणाला, "माझी फक्त झाडं. ओढ्याचं पारेहुइया आजीला विचार, तिचे लोक मूळचे इथले, माओरी." म्हणून पुलापलीकडे आजीकडे गेलो. हात हलवत कसं जायचं, म्हणून सफरचंदं नेली. तिच्या अंगणात सफरचंदांचा सडा.
सगळं सांगितलं. बदकासकट. आजी हसता हसता खुर्चीवरून घसरली.
"अरे, डोह बंद करा म्हणून आम्ही कौन्सिलला किती वर्षं सांगतोय. दर सभेत आम्हाला चहा देतात. आणि तू दोन पानांत केलंस?"
विचारलं, वाम सावरायला किती दिवस?
"दिवस? ही बाई आयुष्यात एकदाच अंडी घालते. साठाव्या वर्षी, कधी ऐंशीव्या."
माझा चहा सांडला. मी बावीसचा. माझी होणारी बायको लेईसाले एकवीसची.
मग आजीला दया आली. म्हणाली, सगळ्यांची वाट नको बघू. म्हाताऱ्या वामी इथल्या शरदातल्या, म्हणजे मार्च ते मेमधल्या, पहिल्या मोठ्या पुराबरोबर समुद्रात उतरतात. पार वर, उबदार पाण्यात, तुमच्याच बेटांच्या बाजूला कुठेतरी. जागा अजून कोणी पाहिलेली नाही. तिथे अंडी घालतात आणि मरतात. पिल्लं वाहत इकडे येतात. "या वर्षीच्या म्हाताऱ्या सुखरूप गेल्या की तुझ्या पानाचं काम झालं."
"म्हणजे तीही इथे राबते आणि लग्नाला घरी जाते."
"हो. पण ती तुझ्यासारखी उतावळी नाही."
पूर एप्रिलात येतो म्हणाली. कधी मेमध्ये.

१२ मार्च
आजी मला कौन्सिलच्या सभेला घेऊन गेली. गळपट्टेवाला साहेब फार प्रेमाने बोलला. आम्हाला तुमचा सहभाग हवा आहे म्हणाला. मग त्यानेच विचारलं, बंदी मोडली तर शिक्षा काय?
म्हटलं, "एक डुक्कर."
त्याने लिहून घेतलं. "साधारण किती वजनाचं?"
आजी माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडे बघेना. चहा चांगला होता.

२१ एप्रिल
पाऊस नाही. ओढ्यात दगड वर आलेत. सफरचंदं संपत आली. पान वाळून तपकिरी झालं, तरी कोणी फिरकत नाही.
टोळी १७ मेला घरी जाणार. एकटा तासो राहणार, इथल्या हिवाळ्यात ऑगस्टपर्यंत झाडांच्या छाटणीला. आज जेवताना म्हणतो, "तू विमानात बसलास की तुझं पान म्हणजे कोशिंबीर." सगळे हसले. मीही हसलो. पण काकाचा नियम तोच, रोवणारा गेला की पान मेलं.

४ मे, शनिवार
दिसली! म्हातारी वाम, काठाखालच्या मुळांत. माझ्या मांडीएवढी जाड. आजीला ओढत आणलं. आजी ओणवी होऊन बराच वेळ बघत राहिली.
"डोळे बघ कसे मोठे झालेत. खोल समुद्रासाठी. खाणंपिणं सोडलंय तिने. निघायची तयारी झालीये, फक्त पाणी नाही."
लेईसालेचा फोन. चटया विणून झाल्या, कंद उकरून ठेवलेत, झगा शिवून झाला. "येतोयस ना?"
हो म्हटलं.

१२ मे, रविवार
तासोला मुलगी झाली. पायरीवर बसून फोनमधला फोटो बघत होता, ताट तसंच. पाऊस अजून नाही.
शेजारी बसलो. "माझ्या जागी तू जा. छाटणी मी करतो."
"वेडा झालास? तुझं लग्न आहे."
"माहीत आहे."
"त्या वामीसाठी? अरे, मी चेष्टा करत होतो. नाही खाणार."
"नक्की?"
तासोने फोन खिशात टाकला. "फार जाड आहे का रे?"
म्हणून म्हटलं, तू जाच.
मालक म्हणाला, कात्री कोणाच्या का हातात असेना, मला छाटणीशी मतलब.

१५ मे
लेईसालेला फोन केला. सांगितलं, एका म्हातारीसाठी थांबतोय.
"कोण आहे ती?"
सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, "तू आजवर एका जागी कधी थांबला नाहीस. आणि आता थांबलास तो माशासाठी." फोन ठेवला.
परत करून बघितला. तिच्या आईने उचलला. तो भाग लिहीत नाही.

१७ मे, शुक्रवार
गेले सगळे. लेईसालेसाठी घेतलेलं कापड तासोच्या पिशवीत दिलं. बराक रिकामी.

१८ मे, शनिवार
काल विमान उडालं आणि दोन तासांत आभाळ फुटलं. रात्रभर कोसळला. सकाळी ओढा काठाला लागलेला. आजी छत्री धरून उभी, मी मुळांपाशी पोटावर पडून. म्हातारी वाम माझ्या हाताखालून गेली. घाई नाही, काही नाही.
आजीसमोर पान काढलं.
छाटणी ऑगस्टपर्यंत आहे. वाम माझ्या आधी घरी पोचेल.