ओरिना गोरी असती तर

७ जानेवारी, मंगळवार

मारली! ओरिनाला मारली!

‘धुक्याचे वारसदार’चा शेवटचा भाग आज पाहिला. या एका बाईसाठी मी ती अख्खी मालिका सहन केली. बाकी सगळे गोरेपान राजपुत्र, राजकन्या, पांढऱ्या दाढीचे जादूगार. त्यांच्यात ही एकटी काळी. धुक्यातून जहाज काढणारी. ती नसती तर ही सगळी मंडळी पहिल्याच भागात बुडाली असती! आणि तिला बोलायला काय दिलं? ‘वारा फिरलाय.’ ‘पुढे खडक आहे.’ बास. आज बाण लागून मेली. कशासाठी? राजपुत्राला रडता यावं म्हणून! तो रडला, डोळे पुसले आणि लगेच बोहल्यावर चढला. त्या लग्नात तिचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

आई शेजारी लसूण सोलत बसली होती. म्हणाली, “मारलानी शेवटी! होडी हाकायला काळी, नि मरायला पण काळीच.”

बरं तर बरं, शमिका वहिनीबरोबर तिच्या माहेरी, नाटे गावाला गेलीय. शमिका म्हणजे माझी भाची, रितेशदादाची मुलगी, चौथीत आहे. ओरिना आली की टीव्हीजवळ सरकून बसते. “आत्या, ही माझ्यासारखी आहे ना?” दर वेळी विचारते. आता काय सांगू तिला?

८ जानेवारी

मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता शिमगा चाललाय. मंडणगडच्या वैष्णवीने ग्रुपचं नावच बदलून टाकलं — ‘ओरिना मेलीच नाही’. वैष्णवी तिकडे शाळेत शिकवते, आमची अजून भेट नाही. तिचं म्हणणं, “त्यांना ती वापरता आली नाही. आपल्याला येईल.” ती गोष्टी लिहिणार, मी चित्रं काढणार. कुणी ओरिनाची भाषा बनवतंय, कुणी तिच्या गावाचा नकाशा.

आज एक गोष्ट लक्षात आली आणि डोकंच फिरलं. ओरिना संपूर्ण मालिकेत एकदाही जेवत नाही! दर भागात मेजवान्या झोडतात मेले, आणि ही बाहेर सुकाणू धरून उभी. म्हणून माझं पहिलं चित्र — ओरिना मांडी घालून बसलीय, पुढ्यात भात आणि तळलेला बांगडा.

खाली एका शहाण्याने लिहिलं, “काल्पनिक आहे सगळं, एवढं काय मनाला लावून घेता?” अरे, त्या मालिकेत दोन तोंडांचा साप आहे. त्याला बायको आहे, पिल्लं आहेत, दुःखद बालपण आहे! ओरिनाला साधी आई नाही.

११ जानेवारी, शनिवार

दुकानात आज आमदारांपासून आजोबांपर्यंत सगळे गोरे केले. फ्लेक्सच्या दुकानात नोकरी म्हणजे हेच. मालक दर्शनदादाने कॉम्प्युटरवर एक बटण बसवून ठेवलंय, त्याचं नाव ‘साफ’. छापायला जाण्याआधी प्रत्येक चेहरा त्यातून जातो. वाढदिवस असो, निवडणूक असो, श्रद्धांजली असो. गिऱ्हाईक सांगत नाही, आपण विचारत नाही. दर्यावर जन्म काढलेले खलाशीसुद्धा फ्लेक्सवर सायीसारखे दिसतात.

मी म्हटलं, दादा, एखाद्याला तरी आहे तसा ठेवू या. तर म्हणाला, “राजश्री, लोकांना बरं दिसायचं असतं गो. त्यात कुणाचं काय वाईट केलं आपण?”

वाईट माणूस नाही तो. म्हणूनच भांडता येत नाही!

१४ जानेवारी, संक्रांत

शमिकाला सांगितलं. शाळेत कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तिळाचा लाडू हातात तसाच. मग म्हणाली, “आत्या, ओरिना गोरी असती तर जगली असती?”

मी म्हटलं, छे! रंगाचा काय संबंध?

“मग बाकीचे सगळे कसे जगले?”

नऊ वर्षांची पोर! नुसता संताप संताप झाला. त्या लेखकांना काय माहीत, त्यांचा बाण कुठे कुठे जाऊन लागतो!

वर आईचं चालूच, “उन्हात पतंग उडवू नको गो बाय, आणखी काळी होशील. ये, डाळीचं पीठ लावत्ये.” कडाडून भांडले. आज सणाला सगळ्यांनी हौसेने काळे कपडे घातले होते. काळं कापड चालतं, काळी पोर चालत नाही! पीठ मात्र आईने वाटीत कालवून ठेवलंच होतं.

झोपायला जाताना शमिका म्हणाली, “तिला आई काढ.”

१५ जानेवारी

आई काढली. किनाऱ्यावर उभी, कपाळावर हात धरून जहाजाची वाट बघणारी. लेकीपेक्षाही काळी. वैष्णवीने लगेच त्यावर गोष्ट लिहिली. माणसं रडली म्हणे ती वाचून.

२० जानेवारी

शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘दिवस आणि रात्र’ असा नाच आहे. शमिकाला रात्र केलीय. विचारलं नाही, सांगितलं नाही, रांगेतून सरळ उचलून तिकडे उभी केली! वहिनी म्हणते, जाऊ दे, बाईंशी वाकडं नको. मी उद्या जाणार होते, पण शमिकानेच हात जोडले, “आत्या, नको ना येऊस. सगळे बघतील.”

२१ जानेवारी

तिच्या दप्तरात पावडरचा डबा सापडला.

२५ जानेवारी, शनिवार

चित्रांतला नवा शेवट पुरा झाला, नेटवर टाकला. बाण लागतो, ओरिना तो उपसून फेकते आणि जहाज वळवते. राजपुत्राला ठेवते धुक्यात, शोध म्हणावं आता वाट! ती घरी जाते, आई दारात उभी. कुठल्या कुठल्या देशांतून निरोप आले. कुणी लिहिलं, माझ्या मुलीच्या खोलीत लावलंय.

शमिकाने पूर्ण बघितलं. “छान आहे,” म्हणाली. मग म्हणाली, “पण हे खरं नाही ना. खरं तर टीव्हीत होतं ते.”

३१ जानेवारी

रविवारी शमिकाचा वाढदिवस. रितेशदादाने लोटे एमआयडीसीतून फोन केला, कंपनीतून सुट्टी मिळालीय, पोरीचा मोठा फ्लेक्स कर, अंगणाच्या दगडी गडग्यावर बांधू. मी जीव ओतून केला. जहाजाच्या सुकाणूवर शमिका, वाऱ्यावर उडणारे केस, रंग अगदी तिचा. ऊन पडल्यावर तिच्या गालावर जी तांबूस झाक येते ना, तीसुद्धा आणली. टीव्हीतलं नाही ना? मग हे घे, स्वतःच्या दारात, स्वतःच्या नावासकट! फाइल मशीनवर चढवून घरी आले.

२ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू!

दादाने फ्लेक्स उलगडला, गडग्यावर बांधला. जहाज माझं, केस माझे. चेहरा दुधासारखा पांढरा! दर्शनदादाला फोन लावला तर खुशीत म्हणाला, “तुझ्या भाचीचा म्हणून मुद्दाम दोनदा साफ मारला!” ओरडले त्याच्यावर. बिचाऱ्याला कळेचना काय चुकलं. मलाच लाज वाटते, त्या बटणाखाली मी फाइल ठेवून निघून आले! एवढी वर्षं तिथे काम करते, मला ठाऊक नव्हतं?

म्हटलं, आत्ता उतरवते. तर शमिका आडवी आली. हात पसरून फ्लेक्ससमोर उभी राहिली.

“नको आत्या. राहू दे. मी छान दिसतेय.”

आणि हसली. महिन्याभरात पहिल्यांदा इतकं हसली! शेजारचे म्हणाले, वा, काय गोड दिसतेय. दादाने फोटो काढले. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. त्या मालिकावाल्यांनी एक ओरिना मारली. ही आमच्या घरातली आम्ही मारली.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दादा अंगणातून ओरडतोय, “कोण हलकट आहे तो?” बाहेर धावले. फ्लेक्सवर शमिकाचा चेहरा रंगवलेला — तपकिरी. दाराला लावून उरलेला ऑइलपेंट. वेडावाकडा, कानापर्यंत पसरलेला. वाटलं, कुणा टारगटाने पोरीची थट्टा केली. शिवी तोंडात आलेली.

तेवढ्यात आई मागून आली. हाताला रॉकेलचा वास, नखांत रंग. “मी केलंय ते. जल्मभर मी पीठ चोळलं तोंडाला, कुठं काय झालं? आता हिचा पण तोच जल्म करू?” आणि रडायलाच लागली. आईला मी बाबा गेल्यावरसुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

शमिका पायरीवर उभी होती. खाली उतरून फ्लेक्सजवळ गेली, मग आजीकडे वळली.

“आजी, नाक चुकलंय गो. दे ब्रश इकडे.”