मिक्सरच्या पोटातली शांतता

१४ तारीख, मंगळवार. सकाळी कामावर गेलो. चाचणी झाली. संध्याकाळी परत आलो.

ती. ताईस नमस्कार. तुझा गुडघा आणि भाऊजींची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. (फोनवर तू इतकी खणखणीत रागावलीस, म्हणजे गुडघाही ठीकच असणार.) ही गेल्यापासून तू 'नोकरी सोड, सामान बांध, रविवारी टेम्पो पाठवते' म्हणते आहेस, त्याचं उत्तर द्यायचं आहे. पण आधी आजचं ऐक.

नवा मिक्सर किती आवाज करील हे तो बनण्याआधी गणिताने सांगणं, हे माझं काम. आमच्या पद्धतीत खोलीतली सगळी हवा मोजावी लागत नाही. मिक्सरच्या फक्त पृष्ठभागाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, तेवढ्यावरून बाहेरचा आवाज निघतो. खोड एकच. आतली पोकळी आपण मोजत नाही, तरी तिचे स्वतःचे काही सूर असतात आणि नेमक्या त्या सुरांना बाहेरचं उत्तर बिघडतं. म्हणून आत दोन-चार बिंदू ठेवून गणिताला बजावायचं, की बाबा रे, इथे शांतता आहे. मी नेमकं तेवढंच विसरलो. उत्तर आलं, एका सुरावर हा मिक्सर विमानासारखा ओरडेल.

साहेबांनी ते निमूट मानलं. (हल्ली मला कुणी उलट बोलत नाही, हीही एक अडचणच.) चाचणीच्या खोलीत सगळ्यांनी कानांवर जाडजूड झाकणं चढवली. हिशेबाच्या बाईंना झाकण पुरलं नाही, त्यांनी कापूस कोंबला. फिटरने बटण दाबलं. आम्ही डोळे मिटून उभे. काहीच होईना. साहेब ओरडले, "अरे, चालू कर की!" फिटर ओरडला, "चालूच आहे!" साहेब पुन्हा, "चालू कर म्हणतोय मी!" घसे बसायची वेळ आली. शेवटी साहेबांनी वैतागून मिक्सरवर हात ठेवला आणि त्याची थरथर लागताच चटका बसल्यासारखे उडाले. झाकणं निघाली. मिक्सर आपला बिचारा गुरगुरत होता, आम्हा सगळ्यांपेक्षा हळू.

मला जे हसू फुटलं ते थांबेना, खालीच बसलो. साहेबांना वाटलं रडतोय, ते पाणी घेऊन धावले. मग तेही हसत सुटले. बिंदू ठेवून गणित पुन्हा केलं, बरोबर आलं. साहेब म्हणाले, "पुढचं मशीनही तुम्हीच बघा. फक्त आम्हाला असं घाबरवू नका."

घरी येऊन हे हिला सांगायला तोंड उघडलं, मग तुला लिहायला बसलो.

बाकी सर्व ठीक. जेवण वेळेवर होतं.

ता. क. तुझ्याकडची खोली हवेशीर आहे, शंकाच नाही. विचार करून कळवतो.

ता. क. २. विचार केला. टेम्पो रद्द कर. भाऊजींना तूच सांग, मला जमणार नाही.

ता. क. ३. रद्द होत नसेल, तर तुम्ही दोघं त्यातच बसून या आणि चांगले महिनाभर राहा. जेवण वेळेवर होत नाही.

धुतलेले कपडे बादलीत पडलेत. ते वाळत घालतो, मग पाकीट चिकटवतो.