फेसाखालची घडी

सोमवार, ता. २

आलो बाई एकदाचे! सामानाचा टेम्पो परत गेला, गॅस जोडून झाला आणि स्वयंपाकघरात चक्क सकाळचं ऊन येतं. ह्यांनी लगेच खिडकीजवळची खुर्ची बळकावली आणि पोटावर हात ठेवून बसले. ह्यांची जळजळ लग्नापासून सवतीसारखी माझ्या घरात नांदते आहे. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणतात, पोट आहे, कुरकुरणारच. आता मात्र सुटका नाही. बायकोच इस्पितळात पोटाच्या दुर्बिणीच्या विभागात कामाला लागली आहे.

मंगळवार, ता. ३

विभाग लहान पण नीटनेटका. मोठे डॉक्टर, धाकटे डॉक्टर, मोठ्या सिस्टर आणि आता मी.

घशातून नळी घालून जठराचं अस्तर आतून बघायचं, हे मुख्य काम. पण पोट काही पाहुणे येणार म्हणून झाडूनपुसून बसलेलं नसतं. आत फेस असतो, चिकटा असतो, आणि त्याखाली एखादा बारीकसा व्रण लपला तर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून आधी रोग्याला फेस मोडणारं औषध पेलाभर पाजायचं. मोठे डॉक्टर त्याची वेगवेगळी प्रमाणं करून बघत आहेत. मी औषध पाजायचं आणि नंतर फोटो बघून अस्तर किती स्वच्छ दिसतं त्याला गुण द्यायचे. लख्ख दिसलं तर एक. थोडा चिकटा असला तर दोन. पाण्याने धुवावं लागलं तर तीन, आणि धुऊनही दिसलं नाही तर चार. जितके गुण कमी तितकं चांगलं. आमच्या शाळेत असं असतं तर माझ्या भावाने घराण्याचं नाव काढलं असतं.

गुरुवार, ता. ५

आज चिडले. जठराच्या वरच्या बाजूला, घुमटासारखा भाग असतो तिथे, अंगठ्याएवढा फेस प्रत्येकाच्या पोटात तसाच ठेवतात. बाकी सगळं धुतात आणि नेमकं तेवढंच सोडतात. मला वाटलं नजरचुकीने राहिलं, म्हणून मी पाण्याची पिचकारी पुढे केली. मोठ्या सिस्टरनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, तिथलं धुवायचं नाही, तिथे तीन गुण द्यायचे आणि पुढे जायचं. का, ते सांगितलं नाही.

मला भांड्याच्या कडेला राहिलेला साबण सहन होत नाही, आणि इथे रोज तीन गुण द्यायचे!

सोमवार, ता. ९

मोठे डॉक्टर परिषदेला गेले आहेत आणि मोठ्या सिस्टर रजेवर. धाकट्या डॉक्टरांना मी म्हटलं, तेवढं एकदा धुऊन बघू या का? तेही उत्सुकच होते.

पहिला रोगी एक शिंपी. मोठा गमत्या माणूस. म्हणाला, जन्मभर लोकांना अस्तर लावलं, आज माझं उसवून बघा. वरचा फेस चिवट होता, पण पाण्याच्या जोरापुढे गेला. खाली काही भयंकर नव्हतं. फिकट रंगाची एक आडवी घडी, मिटलेल्या ओठांसारखी. धुवावं लागलं म्हणजे नियमाने तीन, पण मी ऐटीत एक गुण दिला. उगीच एवढा बाऊ केला होता.

बुधवार, ता. ११

आणखी काही जणांचं धुतलं. सगळ्यांच्या पोटात ती घडी आहे. त्याच जागी, तशीच आडवी, आणि डाव्या टोकाला तोच बारीक चरा. धाकटे डॉक्टर म्हणाले, शरीररचनाच तशी असेल. पण असा चरा सगळ्यांना कसा असेल?

असो. उद्या ह्यांची पाळी. नको नको म्हणत अखेर तयार झाले. औषध मी घरीच कालवून देणार आहे, आणि दुप्पट. माझ्या नवऱ्याच्या पोटाला कुणी तीन गुण द्यायला नको.

गुरुवार, ता. १२

एक, एक, एक, एक! सगळीकडे लख्ख. पाणी मारावंच लागलं नाही, वरचा फेससुद्धा औषधानेच गेला होता. व्रण नाही, काही नाही. इतका जीव भांड्यात पडला की मी जिन्यात थोडी रडले.

घरी आल्यावर एक गोष्ट आठवते आहे. शेवटच्या फोटोत घडी मिटलेली नव्हती. फट होती. आत काळोख असायला हवा होता, पण तिथे काहीतरी ओलं चमकत होतं.

शनिवार, ता. १४

शिंपी परत आला. बायकोने हाताला धरून आणला. तोंड उघडं, सताड उघडं. मिटायला गेलं की आतून कापल्यासारखं दुखतं म्हणे. जेवण नाही, झोप नाही. आठवड्याच्या आत निम्मा झाला आहे.

मी कपाटाकडे गेले. त्याने मान वळवली. मी दाराकडे गेले, मान पुन्हा वळली. त्याचे डोळे मिटलेले होते. डोळे मिटून तो तोंड माझ्याकडे करत होता. बायको म्हणाली, घरीही असंच करतात, मी जाईन तिकडे तोंड.

ह्यांनी सकाळी चहा तसाच ठेवला होता.

सोमवार, ता. १६

मोठ्या सिस्टर आल्या. मी सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत, खाली बसल्या. कुणाकुणाचं धुतलं, एवढंच विचारलं. ह्यांचं नाव सांगताना मला रडू फुटलं.

ते काय आहे, त्यांनाही माहीत नाही. पोट तो फेस स्वतःच करतं म्हणे, घडीवर झाकण म्हणून. झाकलेलं असेपर्यंत घडीआड जे आहे त्याला बाहेर काही आहे हे कळत नाही. आपण झाकण काढतो आणि वर नळीचा दिवा लावतो. मग त्याला बघायचं असतं.

शिंप्याच्या पोटात धाकट्या डॉक्टरांनी पुन्हा फेस घालून बघितला. घडीने तो पिऊन टाकला.

उपाय विचारला तर त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, पूर्वी एका घरात असं झालं होतं, मुलाला. त्याच्या आईने ते औषध घेतलं, दुप्पट. मुलाचं तोंड मिटलं, आईचं उघडलं. एका घरात त्याला एकच तोंड पुरतं. पण मग मुलाला आईचे हाल बघवेनात, तो प्यायला. मग वडील. असं ते त्या घरात फिरत राहिलं. पुढे काय झालं ते विचारू नकोस म्हणाल्या.

मंगळवार, ता. १७

हे खिडकीजवळ बसलेत. तोंड उघडं. मी भांडी घासते तर तोंड माझ्याकडे — पाठ केली तरी कळतं. पाण्याचा चमचा ओठांना लावला, बाहेर ओघळला. डोळ्यांतून सारखं पाणी वाहतंय. सिस्टरनी सांगितलेलं सगळं ह्यांना सांगितलं, तेव्हापासून माझा हात धरून ठेवतात. कधी एवढा वेळ धरला नव्हता.

एकदा आत डोकावले. घशाच्या खूप खाली — चमकलं.

बुधवार, ता. १८

जबडा हाताने मिटून बघितला. ह्यांनी जो आवाज काढला — पुन्हा नाही करणार. कधीच नाही.

सगळं माझ्यामुळे. माझ्या हाताने कालवलं, माझ्या हाताने पाजलं.

गुरुवार, ता. १९

उभे राहता येत नाही ह्यांना. मोठ्या सिस्टरचा निरोप, शिंपी गेला, धुतलेल्या बाकीच्यांचीही तोंडं उघडी.

ठरलं. ह्यांच्यासाठी आणलेल्या बाटलीत उरलेलं औषध घेते, दुप्पट. थोडं शिल्लक राहील, ते ओतून टाकेन — आधी पिते, धीर सुटायच्या आत —

गुरुवारच

मिटलं! ह्यांचं तोंड मिटलं. पाणी प्यायले, घटाघटा. भूक लागली म्हणाले. देवा —

आणि माझं — कापतंय आतून — उघडंच —

मला बघितलं ह्यांनी. नुसते बघत राहिले. मग भिंत धरून उठले. ओट्याकडे. बाटली — ओतायची राहिली. मी ओतलीच नाही —

बोलता येत नाही. पाय उचलत नाहीत. लिहिते. पेल्यात चमचा वाजतोय —

अहो, थांबा. इकडे बघा. आधी हे वाचा. पिऊ नका. मी बरी आहे, खरंच. मला दुखत नाही, मुळीच दुखत ना